हात कुणी लावला

अकरा एप्रिलच्या सकाळी सात एकतीस ते सात बेचाळीस या अकरा मिनिटांत आमच्या टेबलावरचा क्षीण किरण वाढला. त्याआधी चौदा महिने तो वाढला नव्हता, आणि त्यानंतर मी रोज सकाळी सहाला जाऊन बसत होते तरी पुन्हा वाढायला तयार नव्हता.

काय वाढायचं होतं ते आधी सांगते. एका लाल लेसरचा किरण अर्धपारदर्शक काचेवर पाडून त्याचे दोन भाग करायचे, एक जोरकस आणि एक क्षीण. दोघांना वेगवेगळ्या वाटांनी फिरवून शेवटी एका सेलमध्ये एकमेकांवर आणायचं. सेल म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या दोन काचा आणि त्यांच्या फटीत कणभर रंग मिसळून भरलेलं लिक्विड क्रिस्टल. कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतं तेच. वाहतं द्रवासारखं, पण त्याचे रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. दोन किरण एकमेकांवर पडले की उजेड-अंधाराचे बारीक पट्टे तयार होतात. पट्ट्यांप्रमाणे आतला विद्युतभार सरकतो, त्याने रेणू कलतात, आणि कललेल्या रेणूंची नक्षी उजेडाच्या पट्ट्यांपासून जराशी बाजूला पडली, तर जोरकस किरणातला उजेड क्षीण किरणात जाऊ लागतो. क्षीण किरण आत शिरताना असतो त्याहून मोठा होऊन बाहेर पडतो. यासाठी वीज लागते ती टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या एका बॅटरीची. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

त्या सकाळी क्षीण किरण मोजणाऱ्या मीटरवर बेचाळीसचे एकोणसाठ मिलिव्होल्ट झाले. म्हणजे एक पूर्णांक चार पट. मग सात बेचाळीसला पुन्हा बेचाळीस.

आमचं टेबल विकत आणलेलं नव्हतं. रायपूरला दगडी फरशीला तोटा नाही. माझे मार्गदर्शक चारुदत्त पुराणिक सर यांनी साडेपाच फुटांची एक जाड फरशी निवडून आणवली होती आणि ती स्कूटरच्या चार अर्धवट फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवली होती. रस्त्यावरून ट्रक गेला तर हादरा ट्यूबमध्येच मरावा, पट्टे हलू नयेत, म्हणून. ते उत्तम चालत होतं. अडचण उन्हाची होती. आमचा पदार्थ पस्तीस अंशांच्या जरा वर गेला की रेणूंची रांग मोडते आणि उरतं ते साधं तेल. ज्यांनी तो पहिल्यांदा बनवला त्यांच्या देशात खोली पस्तीसवर जात नसावी. आमची खोली एप्रिलअखेर साडेनऊला तिथे पोचायची. कूलर लावला तर त्याच्या पंख्याने फरशी थरथरते आणि पट्टे पुसले जातात. नाही लावला तर क्रिस्टल राहत नाही. म्हणून काम सकाळी सहा ते नऊ.

काम सुरू केलं तेव्हा ही खोली मध्य प्रदेशात होती. मग नोव्हेंबरात नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहरातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीला भाव आला. संचालनालयं आली, त्यांना टेबलं मांडायला जागा हव्या होत्या. आमच्या कॉलेजच्या तळमजल्याची एक बाजू एका नव्या कार्यालयाला देण्याचं पत्र मार्चमध्ये आलं. त्यात आमची खोली होती. ताबा तीस एप्रिलला. तळमजल्याशिवाय हे काम होत नाही, वरच्या मजल्यावर फरशी चढवली तर पायऱ्यांवरून चालणाऱ्या पोरांचे हादरे ट्यूब सोसू शकत नाहीत.

विभागप्रमुखांचं म्हणणं साधं होतं. तीस तारखेपर्यंत किरण वाढलेला दाखवा, मग दुसरी खोली मागण्यात अर्थ आहे. नाही दाखवला तर विषय बंद, आणि मी सिलतऱ्याच्या कारखान्यांची धूळ गोळा करण्याच्या कामावर जायचं, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे. तिथे रोज फिल्टरचे कागद वजन करायचे असतात. वाईट काम नाही. माझं नाही, एवढंच.

आणि पुराणिक सरांचा स्वतःचा एक नियम होता. एकदा दिसलं म्हणजे काही नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी सेल नव्याने भरून, मांडणी नव्याने करून दिसलं तरच ते दिसलं.

"एकोणसाठ?" त्या दिवशी सर वही डोळ्यांजवळ नेत म्हणाले.

"एकोणसाठ."

"मग आता बेचाळीस काहून?"

तेच तर मला कळत नव्हतं.

माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला चौदा रकाने होते. तापमान, हवेतला ओलावा, बॅटरीचा दाब, लेसर सुरू करून किती मिनिटं झाली, खोलीत किती माणसं, बाहेर काय चाललंय. मी चौदाही रकाने अकरा तारखेसारखे करून पाहिले. अकरा तारखेला लेसर बावन्न मिनिटं तापला होता, मी बावन्न मिनिटं तापवला. त्या दिवशी ओलावा एकतीस टक्के होता, मी दोन बादल्या पाणी ठेवून एकतीस केला. त्या सकाळी मी कोणत्या चपला घातल्या होत्या तेही आठवून तशाच घातल्या. हे लिहायला लाज वाटते, पण घातल्या. बेचाळीस.

वहीत एकच नोंद अशी होती जी मला पुन्हा करता येत नव्हती. "७.०५ ते ७.२० बांधकाम खात्याचे उपअभियंता खोलीच्या मोजमापासाठी." त्यांच्यासाठी मी शेजारचं गोदाम उघडायला गेले होते. म्हणजे पाच-सात मिनिटं मी टेबलाजवळ नव्हते. त्या वेळात कुणीतरी काहीतरी हलवलं असणार. आणि सात बेचाळीसला कुणीतरी ते परत जागेवर ठेवलं असणार, कारण तेव्हा मी व्हरांड्यातल्या फोनवर बोलत होते.

मग मी दारावर एक कागद लावला. तो शब्दशः देते, कारण सगळा घोटाळा त्यानेच केला. "दिनांक ११ एप्रिल रोजी सकाळी ७ ते ८ या वेळेत प्रयोगशाळेतील टेबलावरील कोणत्याही वस्तूस कोणी हात लावला असल्यास संबंधिताने तसे लेखी कळवावे." खाली तेच हिंदीत.

मला ते स्वच्छ, नेमकं वाक्य वाटलं होतं.

पहिला आला तुळशीराम. हा आमचा प्रयोगशाळा परिचर, मूळचा गोंदियाकडचा, एकवीस वर्षांपासून इथे. त्याने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी एक लेसरची नळी फुटली होती तेव्हा त्याला तीनदा स्पष्टीकरण द्यावं लागलं होतं, आणि नळी त्याने फोडलीही नव्हती.

"दीदी, मी हात नाही लावला."

"तुळशीरामजी, लावला असेल तर चांगलंच आहे."

"मी काहून लावू? मले माहीत नाही का? देवाशपथ दीदी, मी तर त्या फरशीकडे पाठ करून झाडतो."

"अहो, मी रागावून नाही विचारत."

"मंग लेखी काहून मागून राहिले?"

संध्याकाळी त्याने लेखी आणून दिलं. मी कोणत्याही वस्तूस हात लावला नाही. खाली सही, तारीख. पाठोपाठ चौकीदाराने दिलं. पुराणिक सरांनीही हसत हसत दिलं. म्हणाले, "मी दिलं तर बाकीचे घाबरणार नाहीत." सर्वांत व्यवस्थित कागद बांधकाम खात्यातून आला, टंकलिखित, जावक क्रमांकासह. उपअभियंता यज्ञेश्वर यांनी कळवलं होतं की मोजमापाच्या वेळी त्यांचा प्रयोगशाळेतील कोणत्याही साहित्याशी संपर्क आला नाही.

चार कागद झाले. चौघांनीही हात लावला नव्हता. किरण आपणहून वाढला होता आणि आपणहून उतरला होता.

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी त्या आठवड्यात माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं, म्हणजे मीच बोलत नव्हते. आईने ताट वाढताना विचारलं, "काय झालं व तुले? चार दिवसांपासून भांड्यांवर राग काढून राहिली."

"मला एक गुन्हेगार हवाय आणि सगळे निर्दोष आहेत."

माझा धाकटा भाऊ भार्गव टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "दीदी, तूने दरवाज़े पे एफआयआर चिपका दी है. अब कौन बोलेगा, हाँ मैंने किया?"

"मराठीत बोल."

"मराठीत पण कोणी नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी मी कागद काढून टाकला. त्याने काही झालं नाही. तुळशीराम आता झाडायलाही आत येईना, मी असेपर्यंत दारातच उभा राहायचा. मी मुद्दाम चहाच्या वेळी म्हणून पाहिलं, की ज्याने हात लावला त्याचे माझ्यावर उपकार आहेत. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही आता गोड बोलून काढून घेणार.

सत्तावीस तारीख आली. शुक्रवार. सकाळभर बेचाळीस. अकरा वाजता खोली छत्तीस अंशांवर होती आणि मी दिव्याची वायर गुंडाळत होते, तेव्हा यज्ञेश्वर दोन मजूर घेऊन आले. लाकडी पार्टिशन कुठे येणार त्याच्या खुणा खडूने जमिनीवर करायच्या होत्या. तिशीचा माणूस, कपाळावर उभं गंध, रायपूरच्या जुन्या मराठी घरातला. पाच पिढ्यांपासून इथेच, त्यामुळे एक वाक्य मराठी आणि दुसरं हिंदी.

"मॅडम, सोमवारी ताबा. लक्षात आहे ना?"

"आहे."

"ये पत्थर खुद हटाएँगे या हमारे आदमी उठाएँ?"

मला अचानक इतका राग आला की मी वायर टाकून दिली. "यज्ञेश्वर भैया, अकरा तारखेला तुम्ही या टेबलाला हात लावला होता."

"मैंने लिखके दिया है मॅडम."

"ते मी वाचलंय. जावक क्रमांक एकशे बारा. खूप सुंदर टाइप केलंय. आता मला खरं सांगा. तुम्ही काही मोडलं नाही. काही बिघडलं नाही. त्या अकरा मिनिटांत इथे जे झालं ते चौदा महिन्यांत झालं नव्हतं, आणि ते जर तुमच्या हाताने झालं असेल तर मला ते पुन्हा करायचंय. माझ्याजवळ आता तीन सकाळी आहेत. तुम्ही नाही सांगितलं तर सोमवारी ही खोली तुम्हाला मिळणारच आहे. तुमचं काहीच जात नाही. माझं जातं."

ते मजुरांकडे पाहत राहिले. मग त्यांना म्हणाले, "तुमन बाहिर जाव." मजूर गेले.

"लिखने का नहीं ना?"

"नाही."

"साहेबाला सांगायचं नाही."

"कुणालाच नाही."

त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली. "मी इथून तिथपर्यंत टेप ताणला. तो या खांबाला अटकला." सेल ज्या स्टँडवर होता त्याचा पितळी खांब त्यांनी दाखवला, लांबूनच. "मी ओढला तर हा गोल फिरला, काचेसकट. मले वाटलं गेलं काम, लाखाची वस्तू असेल. मग मी बोटाने वापस फिरवला. पर कितना था, ये थोडे ही पता था."

"म्हणजे सेल तिरपा झाला."

"तिरछा म्हणजे, मी तर सीधाच केला होता. अंदाज़ से."

"आता तसाच करून दाखवा. हात लावा. लावा ना!"

त्यांनी दोन बोटांनी खांब फिरवला, मागे सरकून एक डोळा मिटला, पुन्हा जरासा फिरवला. "असं काहीतरी." दोन किरणांमधला कोन मोजायला भार्गवच्या कंपासपेटीतून आणलेला कोनमापक मी लावला. सरळ काचेपासून सत्तावीस अंश.

मी खुर्चीवर बसले. माझ्या चौदा रकान्यांत सेलच्या कोनाचा रकाना नव्हता. तो नेहमी नव्वदच असायचा, मग लिहायचा कशाला? रोज सकाळी मी पहिलं काम तेच करायची. काचेवरून परतलेला लाल ठिपका लेसरच्या तोंडावर बरोबर येईपर्यंत सेल सरळ करायचा. आम्ही ज्या शोधनिबंधावरून काम करत होतो त्याची झेरॉक्स झेरॉक्सचीच होती आणि मांडणीची आकृती असलेलं पान काळं ठिक्कर होतं. काळ्या पानात कोन होता. पण पानाला दोष देऊन मला सुटता येत नाही. सेल किरणांसमोर अगदी सरळ उभा असेल तर त्याला डावं-उजवं सारखंच. बॅटरी भार ओढते काचेच्या आरपार, पट्टे आहेत काचेच्या लांबीवर, एकाचा दुसऱ्याला उपयोगच नाही. मग कोणत्या किरणाने कोणाला द्यायचं हे ठरणार कसं? थोडं तिरकं केल्याशिवाय बाजू ठरत नाही. हे मला कागदावर दहा मिनिटांत काढता आलं असतं. चौदा महिने मी ते काढलं नाही, कारण सरळपणा हा माझा सर्वांत चांगला केलेला भाग होता.

पुराणिक सर स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते.

"सर, अकरा तारखेला सात बेचाळीसला तुम्ही खोलीत आला होतात. तुम्ही सेल सरळ केला का?"

"केला असेल. वाकडा दिसला तर करणारच की."

"पण तुम्ही लिहून दिलंय, हात लावला नाही म्हणून."

सरांनी चष्मा काढला. "अग, सरळ करणं म्हणजे काय हात लावणं असतं?"

मला ओरडावंसं वाटलं, पण ते सर होते. मी फक्त कोनमापक त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं. यज्ञेश्वरांचं नाव घेतलं नाही, टेप अडकला एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "शनिवार, रविवार, सोमवार. बरोब्बर तीन. रविवारची किल्ली मी आणतो."

शनिवारी सहा दहाला नवा सेल भरला, सत्तावीस अंशांवर लावला, पट्टे बसले, बॅटरी जोडली. चार मिनिटं काहीच नाही. मग त्रेचाळीस. पंचेचाळीस. एक्कावन्न. सात पाचला साठ, आणि तिथे स्थिर. मी बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या. खरोखर उजेडाची देवाणघेवाण असेल तर आता ती उलटी व्हायला हवी. नाही तर सगळा खेळ कुठल्या तरी चुकार प्रकाशाचा. मीटर उतरू लागला. बेचाळीसच्याही खाली. एकतीस. जोरकस किरण आता क्षीण किरणाचं घेत होता.

सर मागे उभे होते. "लिही," एवढंच म्हणाले.

रविवारी नव्या सेलवर अठ्ठावन्न, आणि उलट जोडल्यावर बत्तीस. चौकीदाराने दार उघडलं, आमच्या मागे उभं राहून दोन्ही आकडे पाहिले आणि विचारलं, "इससे होगा क्या, मैडम?" मी म्हटलं, अजून माहीत नाही. तो म्हणाला, ठीक आहे. दोन दिवस मी एवढी शांत झोपले की आईने कपाळाला हात लावून पाहिलं.

सोमवारी मी साडेपाचला निघाले. पावणेसहाला कॉलेजच्या फाटकातून आत शिरतानाच हातोड्याचा आवाज आला.

शेजारच्या खोलीत पार्टिशनसाठी भिंतीत खुंट्या ठोकत होते. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून मजूर पाचलाच आले होते. मीही त्याच कारणाने आले होते. मी मिस्त्रीला सांगितलं, तासभर थांबा. तो म्हणाला ठेकेदाराला विचारा. ठेकेदार तेलीबांध्याच्या दुसऱ्या कामावर होता. तुळशीराम सायकलवर तिकडे गेला. मी लेसर लावला, सेल भरला, कोन सत्तावीस. पट्टे बसायचे आणि ठोक पडला की विखुरायचे. मीटरवर बेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. नक्षी जमायला चार मिनिटं लागतात आणि मिस्त्री चार मिनिटं कधीच थांबत नव्हता. सात वाजले. आठ वाजले. खोली तेहेतीसवर.

तुळशीराम साडेआठला परतला, ठेकेदाराशिवाय, पण सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात बांधलेली बर्फाची लादी घेऊन. उसाच्या रसवाल्याकडून आणली होती. "दीदी, ठंडं ठेवलं तर चालते ना तुमचं?" मी तिचा तुकडा परातीत घालून सेलच्या शेजारी ठेवला. तापमान खाली आलं, दीड अंश. आणि काचेवर वाफ धरली. दोन्ही किरण धुक्यात शिरल्यासारखे पसरले. मी परात उचलून बाहेर नेली आणि काच पुसली, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नऊ दहाला यज्ञेश्वर आले. माझा चेहरा पाहून ते काही न विचारता शेजारी गेले आणि आवाज बंद झाला.

"वीस मिनट, मॅडम. त्याच्यावर मी नाही रोकू शकत. दहा वाजता साहेब येऊन राहिले."

वीस मिनिटं पुरेशी होती. तापमान चौतीस पूर्णांक सहा होतं. नऊ पंधराला मी बॅटरी जोडली. सर दारातून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. चार मिनिटं बेचाळीस. मग त्रेचाळीस. चव्वेचाळीस. मी तापमान वाचत होते, सर मीटर.

"सेहेचाळीस."

"चौतीस आठ."

"सत्तेचाळीस. चढतंय."

"पस्तीस."

"एकोणपन्नास."

पुढचा आकडा मी मोठ्याने वाचला नाही. सेलमागच्या कागदावर पडलेला लाल ठिपका इतका वेळ किंचित सळसळत होता, लिक्विड क्रिस्टलमध्ये तो तसा सळसळतोच. ती सळसळ एका कडेपासून थांबत गेली, पाण्यावरचा वारा थांबावा तशी, आणि ठिपका गुळगुळीत झाला. तापमान पस्तीस पूर्णांक तीन.

"बेचाळीस," सर म्हणाले. "बेचाळीस. बेचाळीस."

तारा उलट्या केल्या. बेचाळीस.

मी वहीत लिहिलं: वाढ एक पूर्णांक शून्य शून्य. तापमान ३५.३. कोन २७.

"हे निष्फळ नाही," सर म्हणाले. "क्रिस्टल असेपर्यंत चढत होता, क्रिस्टल मोडल्याबरोबर गेला. म्हणजे वाढ काचेमुळे नाही, रंगामुळे नाही, क्रिस्टलमुळेच. मी म्हणतो, ही सगळ्यात चांगली नोंद आहे."

"पण हे तिसरं नाही ना, सर?"

त्यांचाच नियम होता.

"अकरा तारखेचं धरलं तर तीन होतात," ते हळू म्हणाले.

"अकरा तारखेचा कोन माहीत नाही. तारा उलट्या करून पाहिलं नव्हतं."

"हव," ते म्हणाले. "ते खरं आहे."

वही घेऊन ते विभागप्रमुखांकडे गेले. शेजारी हातोडा पुन्हा सुरू झाला. वीस मिनिटांनी सर परत आले, तेव्हा चार माणसं फरशीखाली पहारी सरकवत होती आणि तुळशीराम एकेका ट्यूबची हवा सोडत होता.

"तुला उद्यापासून सिलतऱ्याच्या कामावर बसायचंय."

"आणि हे?"

"खोली मिळेपर्यंत थांबेल. ते म्हणत होते बंद. मी म्हटलं दोन वेळा झालंय आणि तिसऱ्या वेळी का झालं नाही ते आम्हाला माहीत आहे, बंद लिहू नका. तर थांबेल असं लिहिलंय." त्यांनी कागद दाखवला. "खोली कधी, ते लिहिलेलं नाही."

मी कागद वाचला आणि परत दिला. मला म्हणायचं होतं की मला फक्त अजून एक सकाळ हवी होती, कालच्यासारखी, हातोड्याशिवाय. ते त्यांना माहीत होतं.

साडेअकराला कॉलेज ऑफिसचे बडे बाबू सामानाची यादी घेऊन आले. ताबा देताना प्रत्येक वस्तूपुढे तिची अवस्था लिहायची असते, आणि खाली माझी सही. फरशी, एक, ठीक. लेसर, एक, ठीक. मीटर, एक, ठीक. सातव्या ओळीत होतं: लिक्विड क्रिस्टल सेल, तीन, निकामी. कुणीतरी त्यांना सकाळचं सांगितलं होतं.

मी निकामीवर रेघ मारली आणि वर लिहिलं, चालू.

"ये क्या किया आपने? सूची में काट-छाँट नहीं चलती."

"बाजूला सही करते मी. तारीखही घालते."

"चालू है तो चलाके दिखाइए."

खोलीत सदतीस अंश होते. फरशी दारात तिरकी अडकली होती आणि चौघे तिला इकडून तिकडून ढकलत होते.

"सकाळी सहाला या," मी म्हटलं. "दाखवते."

"कहाँ आऊँ?"

मी चालूच्या बाजूला सही केली आणि तारीख घातली.